कोबी-फ्लॉवरवरची कीड ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात कोबी-फ्लॉवर नाही असं शिवार सापडणं कठीण. थंडी सरून ऊन चढायला लागलं की फोन सुरू होतात, "अळी पडलीय, काय मारू?" माझा उलट प्रश्न एकच असतो: कुठली अळी? त्या एका प्रश्नाचं उत्तर ज्याला त्याला स्वतःच्या बांधावर उभं राहून देता यावं, म्हणून हे लिहिलं आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, चायना कोबी, मुळा, मोहरी ही सगळी एकाच कुळातली पिकं. त्यामुळे बऱ्याचशा किडीही या सगळ्यांवर त्याच.

पानाला भोकं पडलीत, पण किडा काही दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

किडा शोधण्याआधी खाल्लेल्याची तऱ्हा बघा. पानाचा हिरवा गर खाल्लाय पण वरचा पातळ पापुद्रा तसाच राहिलाय, उजेडात धरलं तर खिडकीच्या काचेसारखा दिसतो, तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. मोठी, वेडीवाकडी, आरपार भोकं असतील आणि पानाच्या बेचक्यात ओल्या हिरव्या लेंड्या साठल्या असतील, तर उंट अळी किंवा तंबाखूवरची पानं खाणारी अळी. टाचणीने टोचावं तशी बारीक गोल भोकं असतील, तर उड्या मारणारे काळे भुंगेरे. पानात पांढरी नागमोडी रेघ दिसली, तर नागअळी. पान वाळक्या जाळीसारखं शिरांपुरतं उरलंय आणि रेशमी धाग्यांनी गुंडाळलंय, तर पानं गुंडाळणारी अळी.

भोकच नाही, पण पान वाकडं, पिवळं, चिकट आहे? मग अळीचा विचारच सोडा. ते रस शोषणाऱ्या किडीचं काम आहे.

आणि लेंड्या बघायला विसरू नका. ओल्या, हिरव्या, चकचकीत असतील तर अळी अजून त्याच झाडावर आहे. वाळून काळ्या पडल्या असतील तर ती एक तर कोषात गेली, नाही तर मेली, आणि तुमची फवारणी वाया जाणार.

निरीक्षण नेमकं कसं करायचं? मी तर रोज शेतात जातो.

रोज शेतात जाणं वेगळं आणि रोज पान उलटून बघणं वेगळं. कोबीवरच्या निम्म्याहून अधिक भानगडी पानाच्या खालच्या बाजूला चालतात आणि आपण उभ्याने चालताना वरची बाजू बघतो.

आठवड्यातून दोनदा, सकाळी ऊन तापायच्या आत जा. बांधाबांधाने नको, प्लॉटच्या आतून नागमोडी चाला. वेगवेगळ्या जागची 20 झाडं घ्या. प्रत्येक झाडाजवळ खाली बसा. आधी पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा बघा, मग मधली दोन-तीन पानं उलटी करा, मग बुडाशी मातीला टेकलेलं पान उचला. खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा, शंभर-दोनशे रुपयांत येतं. अळ्या मोजून वहीत लिहा. "बऱ्याच आहेत" हा आकडा नव्हे. "20 झाडांवर 31 अळ्या" हा आकडा आहे, आणि पुढच्या खेपेला तोच उपयोगी पडतो.

चौकोनी ठिपक्यांचा पतंग खात्रीने कसा ओळखायचा?

शास्त्रीय नाव प्लुटेला झायलोस्टेला, बोलताना सगळे डीबीएम म्हणतात. कोबीच्या सगळ्या किडींत ही एक पक्की ओळखता आली तरी अर्धं काम झालं.

पतंग जेमतेम 8 ते 10 मिलिमीटरचा, करड्या-तपकिरी रंगाचा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट रंगाचे तीन चौकोन एकापुढे एक जोडलेले दिसतात, शंकरपाळ्यांची ओळ मांडावी तसे. नरावर ते ठळक असतात, मादीवर पुसट. मिशा पुढे ताणलेल्या. संध्याकाळी झाडांना पाय लागला की भुरभुर उडतात आणि चार हातांवर परत बसतात.

अंडी पिवळसर, खसखशीहून बारीक, पानामागे शिरेच्या कडेने एकेकटी किंवा दोन-चार मिळून. भिंगाशिवाय दिसत नाहीत. अंड्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस पानाच्या आतच पोखरत राहते, म्हणून तेव्हा वरून मारलेल्या स्पर्शजन्य (अंगाला लागून मारणाऱ्या) औषधाचा तिला फारसा त्रास होत नाही. बाहेर आली की पानामागून गर खरवडते आणि ती खिडकी तयार होते.

आता अळी. फिकट हिरवी, वाढली तरी एक-सव्वा सेंटिमीटर, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती. मागचे दोन पाय इंग्रजी व्ही अक्षरासारखे फाकलेले. पण रंग-रूप सगळं बाजूला ठेवा आणि गवताच्या काडीने तिला हळूच टोचा. ती अंग झटकत, वळवळत वेगाने मागे सरकते आणि पानाच्या कडेवरून पडून एका धाग्याला लोंबकळते. थोडा वेळ थांबा, धोका टळला असं वाटलं की त्याच धाग्याने परत वर चढते. असं लोंबकळून दाखवणारी हिरवी बारीक अळी कोबीवर दुसरी मी पाहिलेली नाही. दुसरी कसली खूण विसरलात तरी चालेल, ही लक्षात ठेवा.

कोष पानामागेच असतो, विरळ पांढऱ्या जाळीच्या पिशवीत. आतला हिरवा, पुढे तपकिरी होणारा कोष बाहेरून स्पष्ट दिसतो.

या एवढ्याशा अळीला इतकं महत्त्व का?

कारण ही औषधाला फार लवकर सरावते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत एक पिढी पुरी होते, म्हणजे लावणीपासून काढणीपर्यंत एकाच प्लॉटवर चार-पाच पिढ्या. प्रत्येक पिढीला तेच औषध मारलं तर त्यातून वाचलेल्या अळ्यांचीच पुढची पिढी होत जाते. इंडोनेशियातल्या जावा बेटावर डीडीटीला दाद न देणारी प्लुटेला 1953 मध्येच नोंदली गेली. पुढे बीटी या जिवाणूजन्य औषधाला शेतात पुरून उरणारी पहिली कीडही हीच ठरली. हवाई बेटांवरची ती नोंद 1990 ची आहे. "गेल्या वर्षी हेच औषध भारी चाललं, यंदा पाण्यासारखं आहे" असं कुणी म्हणतं तेव्हा दर वेळी औषध बनावटच असतं असं नाही. आपल्याच शिवारातली अळी बदललेली असते.

पावसाळ्यात ही कमी दिसते, कारण जोराच्या पावसाने बारीक अळ्या धुऊन जातात, बुडून मरतात. जानेवारीपासून पुढे कोरड्या, तापत्या दिवसांत जोर धरते. तुषार सिंचन असेल तर संध्याकाळी थोडा वेळ चालवून बघा, पतंगांच्या मिलनात आणि अंडी घालण्यात अडथळा येतो. मात्र पानावर घाण्या रोग असेल तर तुषार नको, तो पाण्याच्या शिंतोड्याने पसरतो.

हिरवी अळी दिसली म्हणजे डीबीएमच ना?

नाही. याच घाईने सगळ्यात जास्त चुकीच्या फवारण्या होतात.

पाठ उंच करून, कमान करत चालते ती उंट अळी. हिरवी, अंगावर बारीक पांढऱ्या रेघा, तीन-साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वाढते. मधले पायच नसल्यामुळे ती तशी चालते. दिसायला मोठी, पण आपल्याकडे सहसा तुरळक असते.

गड्ड्यात डोकं खुपसून अर्धं अंग बाहेर ठेवलेली, कडेला फिकट पट्टे असलेली अळी सापडली तर ती हरभऱ्यावरची घाटेअळी. शेजारी हरभरा किंवा टोमॅटो असेल तर येते.

आणि एक हिरवट, बिनपायाची, बिनडोक्याची वाटणारी, जळूसारखी सरकणारी अळी माव्याच्या घोळक्यात दिसेल. तिला हात लावू नका. ती सिरफिड माशीची अळी, दिवसाला कितीतरी मावा फस्त करते. दरवर्षी कुणी ना कुणी हिचा फोटो "नवीन अळी आली" म्हणून पाठवतं आणि तोवर पंप भरून झालेला असतो.

रोपाचा शेंडाच गेला. काही झाडांना गड्डाच नाही, काहींना चार-चार बारके गड्डे. बी खराब होतं का?

याबद्दल स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात लावलेल्या फ्लॉवरमध्ये महिन्याभरात दर आठ-दहा झाडांत एक झाड असं निघालं. पानं हिरवीगार, मधे शेंडा नाही. मी थेट रोपवाटिकेत जाऊन भांडलो. बी बोगस आहे, पैसे परत द्या, म्हणालो. तो माणूस शांतपणे प्लॉटवर आला आणि एका रोपाचा वाळका पोंगा त्याने नखाने उकलला. आत रेशमी धाग्यात अडकलेला तपकिरी भुसा होता आणि त्याखाली सव्वा सेंटिमीटरची मळकट पांढरी अळी, काळं डोकं, अंगावर लांबीने तपकिरी-जांभळट पट्टे. शेंडा पोखरणारी अळी, हेलुला अन्डालिस. रोपं निर्दोष होती. लावल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत मी पोंगा एकदाही उकलून बघितला नव्हता. त्या माणसाची माफी मागितली, आणि तेव्हापासून या अळीबद्दल बोलताना मी कधी घाई करत नाही.

हिचं असं आहे की एक अळी एक अख्खं झाड घालवते. मुख्य शेंडा गेला की बाजूचे डोळे फुटतात आणि कोबीला तीन-चार खुरटे गड्डे लागतात. फ्लॉवर तर वांझच राहतो. त्यामुळे हिला "थोड्या आहेत, बघू" चालत नाही. रोपं गादीवाफ्यावर असतानाच 40 मेशचं, म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं वापरा आणि लावणीनंतर पोंग्याकडे लक्ष द्या. कोवळ्या दोन पानांत धागा आणि भुसा दिसला, की अळी आत आहेच. कमी झाडं असतील तर काडीने काढून मारता येते.

शेंडा गेलेला आहे पण धागा नाही, भुसा नाही, भोक नाही, तर मात्र कीड नव्हे. थंडीचा झटका, रोप उपटताना-लावताना झालेली इजा यांनीही डोळा मरतो.

पानं धाग्यांनी चिकटलीत, आत अळ्यांचा घोळका आहे.

पानं गुंडाळणारी अळी, क्रोसिडोलोमिया. अंडी पानामागे चपटी, एकावर एक कौलं रचावीत तशी पुंजक्यात असतात. अळ्या हिरवट, लालसर डोक्याच्या, अंगावर लांब पट्टे. जाळ्यात राहून पानाची चाळण करतात आणि मग गड्ड्यात शिरतात. सुरुवातीला एकाच पानावर असतात, ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की सगळी वस्ती संपते. मुळा आणि मोहरीवर जास्त.

एकाच पानावर शेकडो बारीक अळ्या, पण जाळं नाही?

तंबाखूवरची पानं खाणारी अळी, स्पोडोप्टेरा लिट्युरा. मादी अंड्यांचा पुंजका घालून त्यावर आपल्या अंगाचे पिवळट-तपकिरी केस पसरते, लांबून तो कापसाच्या मळक्या बोळ्यासारखा दिसतो. पहिले काही दिवस अळ्या एकत्र राहून पान खरवडतात, मग पांगतात. मोठी अळी जाड, मऊ, करडी-हिरवट, कडेने काळे ठिपके. दिवसा मातीत, ढेकळाखाली दडते आणि रात्री खाते. म्हणून दुपारी बघून "अळी नाही" असं ठरवू नका, रात्री आठनंतर बॅटरी घेऊन जा. बांधाने एरंडी लावा. मादी एरंडीच्या रुंद पानावर आवडीने अंडी घालते आणि पुंजके तिथेच खुडता येतात.

सकाळी रोपं जमिनीलगत कापून पडलेली असतात.

रोपं कुरतडणारी अळी, कटवर्म. पडलेल्या रोपाभोवतीची माती बोटभर उकरा. काळपट, तुकतुकीत अळी अंगाची गुंडाळी करून पडलेली सापडेल. माती उकरूनही मिळाली नाही तर उंदीर किंवा नाकतोडे यांचा विचार करा.

पानामागे राखेसारखी पूड आणि त्यात किडे आहेत. ही बुरशी का?

बुरशी नाही, कोबीवरचा मावा. अंगावर मेणाची करडी-पांढरी पूड असते म्हणून तसं वाटतं. बोट फिरवलं की पुडीखाली हिरवट किडे दिसतात. हा पोंग्यात आणि पानाच्या खोलगट भागात दाटीने बसतो, पान वाटीसारखं वळतं. मोहरी-मुळ्याच्या फुलोऱ्यावर येतो तो मोहरीवरचा मावा. त्याच्यावर पूड अगदी कमी, पण दांडा आणि शेंगा झाकून टाकतो. तिसरा हिरवा किंवा गुलाबीसर, पुडीविना, पानामागे विखुरलेला, तो पीचवरचा मावा.

मेणामुळे कोबीवर्गाच्या पानावर आणि माव्यावर औषधाचं पाणी ठरत नाही, मोती होऊन घरंगळतं. नेमून दिलेलं चिकटद्रव्य न घालता केलेली फवारणी बरीचशी जमिनीवर जाते.

मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली तर वर मावा आहे असं समजा. त्या त्याचा गोड चिकटा खायला येतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात.

माव्यात काही किडे फुगून सोनेरी-तपकिरी झालेत, हलत नाहीत. हा नवा रोग आहे का?

रोग नाही, चांगली बातमी आहे. डायरेटिएला नावाची एक बारीक गांधीलमाशी माव्याच्या पोटात अंडं घालते. आतली अळी मावा पोखरून खाते आणि उरतं ते फुगलेलं, कागदासारखं कडक कवच. भिंगातून बघा, पाठीवर कातरीने कापल्यासारखं गोल भोक दिसलं तर माशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या मागे लागली आहे. मला स्वतःला पिकातलं याहून सुंदर दृश्य माहीत नाही. अशी कवचं वाढताना दिसली तर चार-पाच दिवस हात आवरा आणि पुन्हा मोजा.

तसंच डीबीएमच्या बाबतीत. पानामागे सुट्टी, तांदळाच्या कणीएवढी, घट्ट विणलेली पांढरट कुपी दिसली तर ती कोटेशिया या मित्रमाशीची. डीबीएमचा कोष विरळ जाळीत असतो आणि आतलं दिसतं, कोटेशियाच्या कुपीतलं काही दिसत नाही. हा फरक कळला नाही तर आपण आपल्याच राखणदाराला मारतो. केसाच्या टोकावर उभं केलेलं पांढरं अंडं म्हणजे क्रायसोपा या मित्रकीटकाचं. काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी चपळ अळी म्हणजे ढालकिड्याचं पिल्लू. यांना राहू द्या.

मुळ्यावर, मोहरीवर काळी सुरकुतलेली अळी आहे. बीटी मारलं, काहीच झालं नाही.

होणारच नव्हतं. ती पतंगाची अळीच नाही. मोहरीवरची माशी, अथालिया, तिची ती अळी. नाव माशी असलं तरी कूळ मधमाशी-गांधीलमाशीचं. कोबीवर वापरलं जाणारं बीटी फक्त पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांवर चालतं.

ओळख सोपी आहे. अळी उलटी करून पोटाखालचे मांसल पाय मोजा. पतंग-फुलपाखराच्या अळीला जास्तीत जास्त पाच जोड्या, हिला आठ. हात लावला की गोल वेटोळं करून मेल्यासारखी खाली पडते. सकाळी आणि संध्याकाळी खाते, दुपारी लपते. कोवळ्या पिकात ऑक्टोबर-नोव्हेंबरला त्रास जास्त. प्रौढ माशी नारिंगी अंगाची आणि धुरकट पंखांची.

काळ्या अंगावर नारिंगी-पांढरे ठिपके असलेले ढेकूण जोडीजोडीने फिरतात.

रंगीत ढेकूण, बाग्रडा. 5 ते 7 मिलिमीटर. रस शोषतो, पानावर पांढुरके चट्टे पडतात, आणि कोवळी रोपं तर सुकूनच जातात. बरीचशी अंडी मातीत असतात, त्यामुळे उगवणीनंतरच्या आठवड्यांत रान कोरडं ठेवू नका. आधीच्या पिकाचे खुंट आणि मोहरीवर्गी तणं काढून टाका, हा तिथेच टिकून राहतो.

पुस्तकात पांढरं फुलपाखरू आणि पिवळी काळ्या ठिपक्यांची अळी दाखवतात. माझ्या शेतात का नाही?

ते कोबीवरचं मोठं पांढरं फुलपाखरू, पायरिस ब्रासिकी. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड आणि उत्तरेच्या मैदानांत ती मोठी कीड आहे. पिवळी अंडी पुंजक्याने उभी लावलेली असतात आणि अळ्या थव्याने पान साफ करतात. उत्तरेकडच्या यूट्यूब व्हिडिओंमधला सल्ला बराचसा तिच्याबद्दल असतो. आपल्या प्लॉटवर पांढरं फुलपाखरू भिरभिरलं म्हणून फवारू नका, आधी पानावर अंडी-अळी आहे का ते बघा.

कीड वाटते पण कीड नसते, असं काय काय?

फ्लॉवरचा दांडा कापल्यावर आत पोकळ आणि तपकिरी, पण भुसा-लेंड्या नाहीत: बोरॉनची कमतरता. पान चाबकासारखं अरुंद, मधल्या शिरेपुरतं: मॉलिब्डेनमची कमतरता, आम्लधर्मी जमिनीत जास्त, म्हणून कोकणातल्या जांभ्या मातीत याकडे लक्ष ठेवा. पानाच्या कडेपासून आत येणारा व्ही आकाराचा पिवळा पट्टा आणि काळ्या शिरा: घाण्या रोग. यातलं कुठलंही कीटकनाशकाने बरं होत नाही.

कामगंध सापळ्यात पतंग सापडले की लगेच फवारू का?

कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी, म्हणजे लूअर असते, तिच्या ओढीने नर पतंग येतात. सापळा सूचना देतो, निर्णय नाही. सापळ्यात पतंग वाढले म्हणजे येत्या आठवड्यात पानामागे बारीक अळ्या दिसतील, एवढंच समजा आणि मोजणी वाढवा. डीबीएमसाठी फवारणी ठरवायला प्रति झाड 2 अळ्या ही पातळी आपल्याकडच्या शिफारशींत वापरतात. लूअर बदलायची तारीख सापळ्यावरच लिहून ठेवा. दुसऱ्या किडीची लूअर चुकून लावली तर सापळा रिकामाच राहतो आणि आपल्याला वाटतं कीड नाही. पिवळी चिकट कार्डं पंखवाला मावा आणि नागअळीची माशी दाखवतात, अळीसाठी त्यांचा उपयोग नाही.

मोहरीची सापळा ओळ खरंच चालते का?

चालते, पण वेळ पाळली तर. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने बसवलेली ही पद्धत आहे: कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. एक ओळ कोबी लावायच्या 15 दिवस आधी पेरायची, दुसरी लावणीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे कोवळी मोहरी सतत उपलब्ध राहते. डीबीएम, पानं गुंडाळणारी अळी, मावा, ढेकूण सगळे आधी मोहरीवर जमतात. मग दर खेपेला कोबीची 20 झाडं तपासण्याआधी मोहरीची पाच झाडं तपासा, कीड आधी तिथे कळेल. मोहरीवरची कीड वेळेत मारली नाही तर मात्र ती ओळ किडीची नर्सरी होते. जुन्या पत्रकांत मोहरीवर डायक्लोरव्हॉस फवारा असं लिहिलेलं आढळेल. भारतात त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, ते वाक्य खोडून टाका.

ओळख पटली. आता औषध कोणतं?

लेबलवर तुमचं पीक आणि तुमची कीड ही दोन्ही नावं असलेलं. मात्रा लेबलवरची. मी दोन गोष्टींवर अडून बसतो.

पहिली, गट बदलणं. गट म्हणजे औषध किडीला कसं मारतं त्यावरून त्याला दिलेला क्रमांक. नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही. क्लोरअँट्रानिलीप्रोल, सायअँट्रानिलीप्रोल, फ्लुबेंडिअमाइड ही तीन नावं, पण गट एकच, 28. स्पिनोसॅड गट 5, इमामेक्टिन बेन्झोएट गट 6, इंडोक्साकार्ब गट 22. दुकानात नाव नाही, गट विचारा, आणि एका पिढीला मारलेला गट पुढच्या पिढीला मारू नका. सुरुवात अळ्या बारीक असताना 5 टक्के निंबोळी अर्काने किंवा बीटीने करा, संध्याकाळी, कारण उन्हात दोन्हींचा जोर लवकर ओसरतो. 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, 100 लिटर पाणी करायचं, थोडा साबणाचा चुरा घालायचा. नोझल वर रोखून, पानामागे.

दुसरी, फवारणी ते काढणी यांतलं अंतर. लेबलवर दिवस छापलेले असतात. कोबीची पानं आपण सालीसारखी सोलून टाकत नाही आणि फ्लॉवरचा गड्डा तर उघडाच असतो. बाजार वाढला म्हणून आज फवारून उद्या तोडणं हा मी अपराध मानतो, ते खाणारं पोर कुणाचंही असो.

घरी आणलेल्या फ्लॉवरमध्ये अळी निघाली. फेकून देऊ का?

नको. तुरे मोकळे करून कोमट मिठाच्या पाण्यात 15-20 मिनिटं ठेवा, अळ्या आणि मावा सुटून येतात, मग वाहत्या पाण्यात धुवा. काळा पडलेला, कुजलेला भाग तेवढा कापून टाका. एखादी अळी निघाली म्हणून भाजीवाल्याला बोल लावू नका.

कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्राला फोटो पाठवायचाय. कसा काढू?

चार फोटो पाठवा. एक अख्ख्या झाडाचा. एक खाल्लेल्या पानाचा, वरून. एक त्याच पानाचा, मागून. आणि एक किड्याचा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. मोबाइल किड्याला चिकटवू नका, वीतभर लांबून धरा, स्क्रीनवर किड्यावर बोट टेकवा आणि मग काढा. स्वतःच्या अंगाची सावली पानावर पाडा, ऊन थेट पडलं तर पांढुरकी अळी दिसतच नाही. सोबत पीक, लावणीची तारीख, गेल्या 15 दिवसांत काय-काय फवारलं आणि 20 झाडांवरचा आकडा लिहा. शक्य असेल तर अळी पानासकट भोकं पाडलेल्या डबीत ठेवून समक्ष न्या, डबी सावलीत ठेवा. फोनवर विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा मोफत क्रमांक 1800-180-1551 आहे, तिथे मराठीत बोलतात. फोन लावताना डबी समोर असू द्या, कारण पलीकडून पहिला प्रश्न अळी चालते कशी हाच येईल.